निळं ड्रिल मी का घेतलं

आमच्या घराच्या तळमजल्यावर गाडी लावायच्या जागेला लागून एक लांबट खोली आहे. त्या खोलीतल्या बाकावर एक निळं पिलर ड्रिल, खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं मशीन, उभं आहे. त्यावर आकडे दाखवणारा छोटा पडदा आहे, भोक कुठे पडणार ते दाखवणारी लाल रेघ आहे. पाहुणे आले की त्याचं कौतुक करतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर, फरीदाबादच्या एका कारखान्यात वीस वर्षं खरेदी विभागात आहे, तेव्हा मी सगळं पारखून, तोलून हे घेतलं असणार असं सगळ्यांना वाटतं. मी ते घेतलं, कारण दुकानातलं दुसरं, हिरवं मशीन बाबांच्या मित्राला, सुभेदारांना, आवडलं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आई गेल्यावर बाबा वर्षभर पुण्यात एकटे राहिले आणि मग आमच्याकडे आले. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर म्हणून काम केलं होतं. इथे आल्यावर सकाळी पेपर, मग बाल्कनी, मग जेवण, मग टीव्ही. नवरा घरून काम करायचा, तो हेडफोन लावून बसलेला. मी सकाळी आठला बाहेर. ऑफिसातून आल्यावर मी विचारायचे, "गोळ्या घेतल्या?" ते म्हणायचे, "घेतल्या." आमचं बोलणं साधारण एवढंच.

खालची खोली माझी. मला लाकूडकामाचा नाद आहे. त्यात मी दोन स्टुलं, एक चपलांचा रॅक आणि पुस्तकांची फळी केली होती. सगळ्यांत भोकं थोडी तिरकी, कारण हातातल्या ड्रिलने भोक सरळ पाडायला बसलेला हात लागतो आणि तसा माझा नाही. बाबा येणार म्हटल्यावर मी ती खोली झाडून घेतली, एक बाक वाढवला, त्यांच्या उंचीचा. मनात होतं की रविवारी आम्ही दोघं तिथे काहीतरी करत बसू. लहानपणी राहून गेलेलं.

लहानपणी काय राहून गेलं, तेही सांगते. आमच्या चाळीमागे बाबांनी एक जुनं ग्राइंडर बसवलं होतं. रविवारी माझा भाऊ आणि शेजारची दोन-तीन मुलं तिथे उभी असायची आणि बाबा त्यांना ड्रिलच्या बिटाला धार कशी लावायची ते शिकवायचे. मी पुढे सरकले की म्हणायचे, "केस अडकतील, लांब हो." मग मी दारात उभी राहून ठिणग्या बघायचे. तो भाऊ आता विमा विकतो. त्याच्या घरी साधा पेचकस नाही. आणि मी त्याच दारात उभी राहून इंजिनिअर व्हायचं ठरवलं.

बाबांची आणि सुभेदारांची ओळख मीच करून दिली, हे मला आजही सलतं. एका रविवारी बाबांना साबुदाण्याची खिचडी खायची होती, दुकानातली नव्हे, "आपल्या लोकांची". म्हणून मी त्यांना घेऊन दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात गेले. कँटीनमध्ये गर्दी होती. एका टेबलावर पांढऱ्या मिशांचे, ताठ पाठीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. मीच विचारलं, "इथे बसू का?" ते खटाव तालुक्यातले निघाले. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाकडे फरीदाबादला. आमच्याच सेक्टरमध्ये. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

खिचडी गार झाली. बाबा आणि ते गिअरबॉक्सबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार दहाच्या ठोक्याला येऊ लागले. मी घरात नसायचेच, मला खुणा दिसायच्या. बाकावर दोन कप. माझी पटाशी इतकी धारदार झालेली की अंगठ्याला लागली. माझ्या पान्यांसाठी भिंतीवर फळी ठोकलेली, प्रत्येकाची जागा पेन्सिलने आखलेली. कुणीही म्हणेल, किती छान. मला ते बघवायचं नाही. रात्रीच्या जेवणात बाबा सांगू लागले, "सुभेदार म्हणत होते..." सुभेदार म्हणत होते की कणकेत थोडं तेल घाल. सुभेदार म्हणत होते की यमुनेकडची हवा बरी असते. आणि ते सांगताना बाबा हसायचे. मी त्यांच्यासाठी नोकरी सांभाळून डॉक्टर शोधले, पुण्याहून गोडा मसाला मागवला, त्यांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड घातला. माझ्या एकाही वाक्यावर ते तसे हसले नव्हते.

मी हळूहळू क्षुद्र होत गेले. पेन्सिलच्या आखणीत पाने मुद्दाम उलटे टांगून ठेवायचे. सुभेदार ज्या स्टुलावर बसत, ते आत माळ्यावर टाकलं. आणि जानेवारीतल्या एका सकाळी खोलीची किल्ली पर्समध्ये टाकून ऑफिसला गेले.

अकराच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. "खालची किल्ली तुझ्याकडे आहे का? बाबा आणि सुभेदार शटरसमोर खुर्च्या टाकून बसलेत."

"अय्या, हो की. पर्समध्येच राहिली," मी म्हणाले.

"अगं, केवढं धुकं आहे. मी वर बोलावलं तर येत नाहीत. म्हणतात इथेच बरं."

"मग बसू देत," मी म्हणाले आणि मीटिंगला गेले. दिवसभर डोळ्यांसमोर त्या दोन खुर्च्या होत्या. लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त राग आला तो याचा, की बंद शटरसमोरसुद्धा त्यांना एकमेकांची सोबत पुरत होती.

त्यानंतर आठवड्याभरात मी पिलर ड्रिल घ्यायचं ठरवलं. निमित्त झोपाळ्याचं. बाल्कनीत बाबांसाठी झोपाळा टांगायचा होता. त्यासाठी शिसवीची दोन इंच जाड फळी आणली होती आणि तिच्या चार कोपऱ्यांतून पितळी सळया आरपार जायला चार सरळ भोकं हवी होती. खरं कारण वेगळं होतं. मशीन हा माझा विषय. मशीन निवडण्यात तरी सुभेदारांचं काही काम नाही असं मला वाटलं. मी तक्ता केला. मोटर केवढी, बिट धरणारा चक केवढा, वेग किती, काम ठेवायचं टेबल किती सरकतं, सगळं. तो छापून बाबांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "छान केलंयस," म्हणाले.

"रविवारी जाऊ या. आपण दोघं."

"चालेल की."

रविवारी मी गाडीची चावी घेऊन खाली आले, तर पुढच्या सीटवर सुभेदार. "ताई, माझा गुडघा दुखतोय, म्हणून तुमच्या वडलांनी म्होरं बसवलं," ते ओशाळून म्हणाले. मागे बाबा, मांडीवर कापडी पिशवी. मी गाडी नेहमीपेक्षा जोरात काढली, एवढं आठवतं.

जुन्या आणि नव्या मशीनरीचं ते दुकान मला कामामुळे माहीत होतं. मालकाने चहा मागवला. "मॅडम, आपके घर के लिए तो ये बढ़िया रहेगा," म्हणत त्याने निळं दाखवलं. नवंकोरं, बाकावर ठेवायचं, हलकं, माझ्या तक्त्यात पहिल्या नंबरावर असलेलं. मी खूश झाले. वळून बघते तर दोघं म्हातारे तिथे नाहीत.

ते दुकानाच्या मागच्या भागात होते. तिथे एका कोपऱ्यात जमिनीवर उभं राहणारं जुनं हिरवं मशीन होतं. रंगाचे पोपडे गेलेले, खांब मांडीएवढा जाड, वरच्या झाकणाची कडी तारेने बांधलेली. सुभेदारांनी झाकण उचलून पट्टा बोटाने दाबून पाहिला. बाबांनी चक दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून हलवला, पुढे-मागे, मग आजूबाजूला. मग पिशवीत हात घातला.

पिशवीतून त्यांनी काय काढलं ते मला कापडावरूनच कळलं. आईच्या जुन्या जांभळ्या पातळाचा तुकडा. त्यात त्यांचा डायल गेज असतो, सुताएवढाही नाही इतका फरक काट्याने दाखवणारा. लहानपणी मी त्याला घड्याळ म्हणायचे. ते काचेच्या कपाटात असायचं आणि त्याला हात लावायची आम्हा कुणालाच परवानगी नव्हती, भावालासुद्धा. बाबांनी कापड सोडलं आणि तो डायल सुभेदारांच्या हातात दिला.

नुसता दिला. "धरा हो जरा," म्हणून.

सुभेदारांनी तो मशीनच्या टेबलावर बसवला, बाबांनी चक फिरवणारा स्पिंडल हाताने फिरवला. दोघं वाकून काटा बघत होते, डोक्याला डोकं लागलेलं. काटा जवळजवळ हललाच नाही. बाबांनी मान वर केली आणि सुभेदारांकडे पाहिलं. एखाद्या अवघड मुलाचा निकाल चांगला लागल्यावर आई-बाप एकमेकांकडे बघतात तसं.

"ताई, ह्येचा सांगाडा बगा," सुभेदार मला म्हणाले. "असलं ओतीव लोखंड आता मिळत न्हाई. रंग मारला की बिल्कुल नवं."

मला दिसत होतं की ते बरोबर बोलतायत. ऑफिसात असतं तर मी हेच मशीन घेतलं असतं. पण मी म्हणाले, "इतकं जड घरात कुठे ठेवायचं? मला निळं हवंय."

बाबा कापडाची घडी घालत होते. "अगं, एकदा निळ्यालाही डायल लावून बघू."

"नको. मी सगळं बघितलंय. तक्त्यात आहे."

बाबांनी गुंडाळलेला डायल पिशवीत ठेवला. मग बाबा म्हणाले, "तुझं मशीन आहे. तू ठरव."

"ताई म्हणत्याल तसं," सुभेदारही म्हणाले.

निळं घरी आलं. पुढच्या शनिवारी दोघं फिरायला गेलेले बघून मी एकटीने शिसवीची फळी काढली. मशीनचं बिट दोन इंच खाली जात नव्हतं, त्यामुळे भोक अर्धं एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने पाडायला लागणार होतं. मी खुणा केल्या. फळीचं लांब टोक उरलेल्या स्टुलावर खोकी रचून टेकवलं. लाल रेघ खुणेवर आणली, दांडा खाली ओढला. शिसवी टणक, जोर लावावा लागला. जोर लावला तसं टेबल खाली लवलेलं मला दिसलं. डोळ्यांनी दिसलं. तरी मी थांबले नाही. फळी उलटून दुसऱ्या बाजूने पाडलं. दोन भोकं आत एकमेकांना भेटलीच नाहीत, एक इकडे गेलं, एक तिकडे. सळई घातली तर मध्येच अडकली.

ती फळी बाबा आणि सुभेदारांनी मिळून आणली होती. वखारीत तासभर हिंडून, रेषा बघून. मी ती कपाटामागे सरकवून ठेवली आणि वर जाऊन भाजी चिरायला बसले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "यार, तू त्या म्हाताऱ्यावर जळतेस का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर बाबांनी खालूनच हाक मारली. खोलीत गेले. फळी बाकावर होती. बाबा एकटेच होते.

"ही कपाटामागे सापडली," ते म्हणाले.

"चुकलं. नवीन फळी आणीन."

"फळीचं काय एवढं. मला सांगायचंस ना, मी टेबलाला खालून आधार दिला असता."

"तुम्हाला कधी सांगू?" माझा आवाज चढला. "तुम्ही मोकळे असता कधी? त्यांना सगळं दाखवता, त्यांच्या हातात डायल देता. मला कधी हात लावू दिलात? केस अडकतील म्हणून दारात उभं केलंत मला. साधी बिटाला धार लावायला शिकवलं नाहीत."

मी पंचेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि आठ वर्षांच्या मुलीसारखी रडत होते.

बाबांनी फळीवरून हात फिरवला. "तेव्हा मुलींना कोण शिकवायचं?" ते म्हणाले. "नाही सुचलं मला. आणि मग तू इंजिनिअर झालीस. मी आठवी शिकलेला. तुला मी काय शिकवणार, असं वाटायचं. तुझा तो तक्ता, त्यातलं निम्मं मला कळलं नाही."

"आणि सुभेदार?"

"तो फिटर, मी फिटर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचीही बायको गेलीय. त्याच्याजवळ मला तुझ्या आईबद्दल बोलता येतं."

"माझ्याजवळ नाही येत?"

"दिवाळीत मी म्हणालो, ती चिवड्यात खोबरं जास्त घालायची. तू उठून आत गेलीस."

"डोळे पुसायला गेले होते."

"ठाऊक आहे मला. म्हणून मग मी परत काही काढलं नाही."

आई गेल्यापासून मी तिचं नावच घरात येऊ दिलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की मी बाबांना जपतेय. माझ्या घरात त्यांना जिच्याबद्दल बोलायचं होतं, तिच्यासाठी त्यांनी दोन गल्ल्या पलीकडचा माणूस शोधला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या दुकानात गेले. हिरव्याची जागा रिकामी होती. "मॅडम, वो तो निकल गया," मालक म्हणाला. कुणी नेलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी घरी न जाता सुभेदारांच्या घरी गेले, आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता, नऊवारीतला. त्यांनी स्वतः चहा केला. मी फळीचं सांगितलं.

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "त्येचं टेबल लई हलकं हाय."

"मग दुकानात बोलला का नाहीत?"

"तुमच्या वडलांनी डोळ्यानं खुणावलं. म्हनले, गप ऱ्हा."

एवढं सगळं झाल्यावरही ते वाक्य मला टोचलं. बाबांच्या डोळ्यांची खूण मला दिसली नव्हती, ह्यांना दिसली होती.

पण रविवारी सुभेदार एका जुन्या जीपचा छोटा स्क्रू जॅक घेऊन आले. तो निळ्या मशीनच्या बैठकीवर उभा केला आणि टेबलाच्या पुढच्या कडेखाली घट्ट टेकवला. टेबल लवायचं थांबलं. बाबांनी एक जाड तार वाकवून चकमध्ये बसवली आणि मला म्हणाले, "हाताने फिरव. टोक चारी बाजूंना टेबलाला सारखं घासतंय का बघ." एका बाजूला घासत नव्हतं. "आता गुण्या लाव." मला गुण्या म्हणजे काय ते आठवेना. दिल्लीत राहून असे किती शब्द गळून गेलेत. बाबांनी काटकोनाची लोखंडी पट्टी हातात ठेवली. मग टेबल सैल करून, सरकवून, पुन्हा आवळून अर्धा तास गेला. डायल काढायची गरज पडली नाही, आणि मीही मागितला नाही.

चुकलेल्या कोपऱ्याकडची चार बोटं रुंद पट्टी कापून टाकली. झोपाळा थोडा आखूड झाला. नवी भोकं पाडताना फळीचं एक टोक बाबांनी धरलं, एक सुभेदारांनी. दांड्यावर मी. "दाबू नको," बाबा म्हणत होते, "वजन टाकू नको, बिटाला खाऊ दे. मध्ये वर घे, भुसा निघू दे." केस मी आधीच बांधले होते. पहिल्या भोकातून सळई सरळ खाली उतरली तेव्हा सुभेदारांनी "वा ताई!" म्हणून टाळी वाजवली. बाबांनी टाळी नाही वाजवली. त्यांनी सळई काढून भोकात बोट घातलं, आतला सांधा चाचपला आणि म्हणाले, "पुढचं."

मत्सर त्या दिवशी संपला असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यानंतरही दोन कप दिसले की मला काहीतरी व्हायचंच. फक्त आता मी पाने उलटे टांगत नव्हते, आणि कधीकधी जेवताना मीच म्हणायचे, "आई असती तर या वरणात आमसूल आणखी घातलं असतं." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला हुंदका आला. बाबा उठून गेले नाहीत, मीही गेले नाही. "हो, आणि गूळ विसरली असती," ते म्हणाले.

उन्हाळ्यात सुभेदारांच्या मुलाची नाशिकला बदली झाली. ते जाताना जॅक इथेच ठेवून गेले. मला जे हवं होतं ते मिळालं. खोली आमची दोघांची झाली. रविवारी बाबा खाली येतात, मला बिटाला धार लावायला शिकवतात, कोन चुकला की नुसता हात धरून फिरवतात. पण दहा वाजले की अजून एकदा रस्त्याकडे बघतात.

गेल्या आठवड्यात मीच सुभेदारांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाबांच्या हातात दिला. दोघं तास-दीड तास बोलत होते. मध्येच सुभेदारांना चकचा आवाज ऐकायचा होता, म्हणून मी फोन मशीनजवळ धरून उभी राहिले. "ताई, जरा खाली घ्या, दिसंना," ते ओरडले. मी खाली घेतला. माझा हात भरून आला, बाबा पडद्याकडे बघून हसत होते, आणि मला अजूनही तेच वाटत होतं जे त्या दुकानात वाटलं होतं. तरी मी फोन ठेवला नाही. दुसऱ्या हातात घेतला.